भेकराचा वाटा

अचूक मारणं ही दया असते, असं तुम्हाला खरंच वाटतं का?

माझ्या काकांना तसं वाटायचं. ठासणीच्या बंदुकीची दारू ते सोनाराच्या काट्यावर तोलायचे. शिशाच्या गोळ्या स्वतः ओतायचे आणि एखादी जरा ओबडधोबड निघाली की पुन्हा वितळवायचे. मी जवळ गेले की म्हणायचे, "बाय, श्वास आवर. काटा हलतोय."

"पण शिकारीला बंदी आहे, काका." शिकारबंदीची पत्रकं मी तेव्हा गावात वाटायचे.

"तुझी पत्रकं भेकराला वाचून दाखव. नेम चुकला तर जनावर तीन दिवस तडफडत मरतं. माझ्या हातून तसं व्हायचं नाही."

झालंही नाही. गेल्या माघात काजूच्या बागेत भेकराची मादी एका गोळीत पडली. ओरडलीसुद्धा नाही. पण सोलताना काकांचा हात दुधाने ओला झाला आणि ते तिथेच खाली बसले. पाडसाला आम्ही दोघांनी अंधार पडेपर्यंत शोधलं. ते सापडलं नाही.

एखादं काम इतकं जपून केलेलं असूनही इतकं निर्दय असू शकतं, हे मी कुठल्याच पत्रकात वाचलं नव्हतं.

रिवाजाप्रमाणे घरोघर मटणाचे वाटे गेले. काकांनी स्वतःचा घेतला नाही. आमच्याकडे आलेला आईने शिजवला, आणि चारचौघांत नाही म्हणायची लाज वाटली म्हणून मी तो खाल्ला.

तुमच्या दारी असा वाटा आला, तर घेऊ नका. आणणाऱ्याला कारण सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.