शिपाईमामांची साक्ष

शिपाईमामांनी कुठलाही कागद कधी नाकारला नाही. रामनगरच्या बाजारात कुणी ट्रॅक्टरची जाहिरात वाटत असो, निवडणुकीतला उमेदवार हात जोडत येवो, की गणेशगुडीला राफ्टिंगवाले पर्यटकांना रंगीत पत्रकं देत असोत, मामा थांबायचे, काठी काखेत दाबायचे आणि दोन्ही हात पुढे करून कागद घ्यायचे. सत्तरी ओलांडलेल्या, लंगडणाऱ्या म्हाताऱ्याला काळी नदीत बोट हाकायचं आमंत्रण देताना राफ्टिंगवालेच ओशाळायचे. मामा हाती आलेला कागद घडी घालून पिशवीत ठेवत आणि संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन म्हणत, "बाय, ह्यात काय ल्हिलंय ते वाच बघू." त्यांना मराठी वाचता येई, पण कानडी आणि इंग्रजी कागद माझ्या वाट्याला. मराठी शाळेत बत्तीस वर्षं मी मुलांना वाचायला शिकवलं, तरी इतका बिनकामाचा मजकूर मी कधी वाचला नव्हता.

सगळं रामनगर त्यांना सुभेदारमामा म्हणायचं आणि ते प्रत्येकाला दुरुस्त करायचे. "शिपाई म्हना. पायात गोळी घिऊन शिपाई म्हनूनच घरी आलो." पाहिलं त्यापेक्षा एक शब्द जास्त बोलणं त्यांना जमतच नसे. आमच्याकडे रस्त्यात गवा दिसला की चहाच्या दुकानापर्यंत पोचेस्तोवर त्याचा कळप होतो. मामा सांगायचे, "दोन बघितले. मागं आनि असतील, मला दिसले न्हाईत." अशा माणसाशी गप्पा मारणं म्हणजे शिक्षाच. आम्हा दोघांचं गाव एकच, धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. त्या गावच्या नात्यानं ते माझे मामा.

दहा वर्षांपूर्वी एका सकाळी ते प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले आणि बसायच्या आतच म्हणाले, "बाय, लढाईतल्या बिल्ल्यासाठी अर्ज ल्हिवायचा हाय." बिल्ला म्हणजे शौर्यपदक. लढाई एकाहत्तरची. मला हसू आवरेना. इतकी वर्षं गप्प राहून आता म्हातारपणी मामांना छातीवर काहीतरी चमकायला हवंय, असं वाटलं मला.

"माझ्यासाठी न्हवं," ते म्हणाले. "रामासाठी."

रामा खानापूरकडचा. त्यांच्याच पलटणीतला, जेवणाच्या रांगेत नेहमी त्यांच्या पुढचा. त्या दिवशी पहाटेच्या धुक्यात त्यांची सहा जणांची तुकडी एका कालव्याच्या बांधावर अडकली. मामांच्या पायात गोळी घुसली होती, आणखी एक जण जखमी होता. मागे सरकायचं तर कुणीतरी बांधावर मशीनगन धरून राहायला हवं होतं. रामा राहिला. बाकीचे या दोघांना ओढत उसात शिरले. मामांना उताणं ओढत नेत होते, म्हणून फक्त त्यांचंच तोंड बांधाकडे होतं. रामानं एकदा वळून पाहिलं आणि म्हणाला, "तू हो म्होरं, मी आलोच." गन बराच वेळ चालू होती. मग थांबली. रामाच्या घरच्यांना आलेल्या कागदावर एवढंच होतं, लढाईत मृत्यू.

मी हाडाची मास्तरीण. अर्जात 'शौर्याची पराकाष्ठा' लिहिलं, 'शत्रूच्या शेकडो सैनिकांना' लिहिलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पराकाष्ठा काढ. शेकडो काढ."

"मग किती होते?"

"मोजले न्हाईत. धुकं हुतं."

"अहो मामा, असा रुक्ष अर्ज कोण वाचणार?"

"रामा 'मी आलोच' म्हनला आनि आला न्हाई. ह्यात काय कमी पडतंय तुला?"

मी मुकाट्यानं दोन्ही वाक्यं खोडली. उरला मजकूर पाऊण पान.

इतका उशीर का झाला, हे त्यांनी अर्ज पुरा झाल्यावर सांगितलं. बेळगावला नुकताच पलटणीच्या जुन्या माणसांचा मेळावा झाला होता. तिथे त्यांच्या कंपनीचा म्हातारा कारकून भेटला. तो म्हणाला, कॅप्टनसाहेबांनी रामाच्या नावाची शिफारस केली होती. साक्षीला, डोळ्यांनी पाहिलेला माणूस तू एकटा. तुझ्या गावी रजिस्टर पाकीट पाठवलं, ते 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं. मग फाइल बंद झाली.

ते पाकीट मामांनीच परत केलं होतं. पायाच्या जखमेमुळे ते पलटणीतून सुटून घरी आले, तेव्हा गावात धरणाच्या नोटिसा येत होत्या, खाकी पाकिटांतून. पाकीट घेतलं की सही होते आणि सही झाली की जमीन गेली, अशी लोकांची पक्की समजूत. म्हणून गावानं देवळात नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं, प्रत्येकानं नारळाला हात लावून शपथ घेतली, की सरकारचं खाकी पाकीट कुणीही घ्यायचं नाही. पुढच्याच महिन्यात पोस्टमन मामांच्या दारात उभा राहिला. पाकीट खाकी, वर इंग्रजी शिक्का. मामांनी हात मागे बांधले आणि म्हणाले, "न्हाई घेनार." अख्ख्या गावानं त्यांची पाठ थोपटली होती. पाणी यायचं ते आलंच.

ते गाऱ्हाणं घालणारे पंच माझे वडील होते. मामांना ते माहीत होतं, मलाही. मी म्हणाले, "मामा, शपथ आमच्या बाबांनी घातली होती."

"नारळ त्येंनी ठेवला. हात मी लावला," मामा म्हणाले. "शुद्ध अक्षरात पत्ता घाल. तुझ्या घरचा घाल, माझ्याकडं टपाल दोन-दोन दिस येत न्हाई."

त्या दिवसापासून त्यांच्या कागद घेण्याला मी हसले नाही.

साक्षीवर अधिकाऱ्यासमोर सही लागते, म्हणून तालुक्याच्या गावी, जोयड्याला, आमच्या वाऱ्या सुरू झाल्या. बसमध्ये मामा नेहमी धरणाच्या बाजूची खिडकी धरत आणि पाणी दिसायला लागलं की ते मागे पडेपर्यंत तिकडेच बघत. कचेरीतला कानडी कारकून भला माणूस होता, पण साहेब दौऱ्यावर असले की हात वर करायचा. "मुंदिन वार बन्री, अज्जा," म्हणजे पुढच्या आठवड्यात या, आजोबा. मामा म्हणायचे, "बर्तीन्री," येतो. आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच बसनं ते तिथे हजर. काही महिन्यांनी तो कारकून त्यांना लांबून बघूनच शिक्क्याची पेटी उघडायला लागला.

एकदा सही झाली की काम संपलं, असं मला वाटलं होतं. मामा दरवर्षी नवी सही घ्यायला लागले. तोच पाऊण पान मजकूर, तीच वाक्यं, फक्त तारीख नवी. मी वैतागून म्हणाले, "साक्ष काय दूध आहे का नासायला?"

"मी कवा जाईन सांगता येत न्हाई," ते म्हणाले. "उद्या कुनी म्हनंल, म्हाताऱ्याला भ्रम झाला हुता. शेवटपर्यंत ह्यो ह्येच सांगत हुता, ह्याला कागद नको?"

रामनगरातली टवाळ मंडळी चहाच्या दुकानात विचारत, "काय सुभेदारमामा, आला का बिल्ला?" सगळ्यांना वाटे, म्हातारा स्वतःसाठी झटतोय. मी चिडून खरं सांगायला निघाले, तर मामांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि उत्तर दिलं, "वाटंत हाय." भाऊबीजेला मात्र ते न चुकता खानापूरकडे रामाच्या बहिणीच्या घरी जात. तिनं ओवाळलं की तबकात साडी ठेवत आणि यंदा अर्ज कुठवर पोचला ते सांगत. ही आक्काही आता थकलेली. एका वर्षी ती त्यांना म्हणाली, "दादा, बिल्ला न्हाई मिळाला तरी चालंल. आमच्या गावात एकदा कुनीतरी मोठ्यानं वाचून दाखवा, की तो कसा गेला." मामांनी मला हे सांगितलं आणि लगेच म्हणाले, "न्हाई चालंल. दोन्ही पायजे."

चार वर्षांनी दिल्लीहून पहिलं उत्तर आलं. मुदत केव्हाच संपली आहे, विचार करता येत नाही. दोन ओळी. ते मी मामांना वाचून दाखवलं. त्यांनी पाकीट उलटसुलट केलं, पत्त्यावरून बोट फिरवलं.

"उत्तर तरी आलं," ते म्हणाले. "म्हंजे पत्ता बरोबर हाय. ल्हिव परत."

अशी तीन उत्तरं आली. आम्ही तीन वेळा परत लिहिलं. चौथा अर्ज गेला तेव्हा मामा नव्याण्णव वेळा लिहायच्या तयारीत होते आणि मी, खरं सांगते, फक्त त्यांचं मन मोडू नये म्हणून लिहीत होते. माझा विश्वास उडाला होता, त्यांचा नाही.

या वर्षी संक्रांतीनंतर ते शेवटचे जोयड्याला गेले. धाप लागत होती, कचेरीच्या पायऱ्यांवर दोनदा बसले. सही करताना हात इतका थरथरला, की कारकून म्हणाला, अज्जा, अंगठा चालेल. मामा म्हणाले, "सही येती मला," आणि एकेक अक्षर काढत पुरी केली. शिमग्याच्या आधी ते गेले. त्यांच्या मुलीनं ती प्लॅस्टिकची पिशवी माझ्याकडे आणून दिली. वर ट्रॅक्टरच्या जाहिराती होत्या, खाली साक्षींचे कागद, वर्षवार लावलेले. मी ती कपाटात ठेवली आणि कितीतरी दिवस ते कपाट उघडलं नाही.

चैत्रात पोस्टमन दारात आला. रजिस्टर पाकीट, खाकी, वर मामांचं नाव आणि खाली माझा पत्ता. पोस्टमन नवा नव्हता, त्याला मामा ठाऊक होते. तो घुटमळला. "बाई, मामा तर गेले. परत पाठवू का?"

माझ्या डोळ्यांपुढे मामांचं बुडालेल्या गावातलं दार आलं, देवळातला नारळ आला, बाबा आले. "नाही," मी म्हणाले, "पत्ता माझा आहे. दे इकडे." दोन्ही हात पुढे करून मी पाकीट घेतलं आणि सही केली.

आतल्या पत्रात होतं, पलटणीच्या जुन्या दप्तरात कॅप्टनसाहेबांच्या शिफारशीची प्रत सापडली होती. प्रकरण खास बाब म्हणून पुन्हा बघायचं ठरलं होतं. प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदाराची, अधिकाऱ्यासमोर सही केलेली साक्ष सत्वर पाठवावी. साक्षीदार हयात नसल्यास त्यानं शेवटची दिलेली साक्ष चालेल.

मी कपाट उघडलं. साक्षींत सगळ्यात वरचा कागद संक्रांतीनंतरचा, थरथरत्या सहीचा. तो आणि त्याच्या खालचे सगळे, सारख्याच शब्दांचे, मी एका पाकिटात घातले, वाचायला एक नक्कल ठेवली आणि पाकीट पोस्टात नेऊन दिलं. पुढच्याच रविवारी खानापूरच्या बसनं आक्काच्या गावी गेले. तिथल्या देवळासमोर पाचपन्नास माणसं जमली होती. मी मामांची साक्ष मोठ्यानं वाचली, एक शब्द न वाढवता. 'तू हो म्होरं, मी आलोच' या ओळीला आक्कानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "व्हय. आमचा रामा असंच बोलायचा."

मामांच्या दोन मागण्यांपैकी एक झाली. दुसरीचं उत्तर अजून यायचं आहे. या वेळीही नाही म्हणाले, तर परत लिहीन. पत्ता बरोबर आहे.