आईच्या हनुवटीवरचे तीन ठिपके

आधी दांडी गावच्या कोळीण मावशींचं सांगतो. त्या माझ्या नात्याच्या कोणी नव्हेत. मी बोईसरला कारखान्यात कामाला, तिथल्या बाजारात त्यांच्याकडून सुके बोंबील घ्यायचो, तेवढीच ओळख. त्यांच्या यजमानांचा फोटो स्टुडिओ होता. ते गेले, दुकान बंद झालं, पण निगेटिव्ह स्कॅन करायचं मशीन मावशींनी घरी जपून ठेवलं होतं. ते त्यांनी लुगड्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. परत कधी आणशील, एवढंही विचारलं नाही.

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. गावाकडं, परभणीला, दादाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. भिंतीवर लावायला आईचा धड फोटो एकच, आणि त्याचीही निगेटिव्हच उरलेली. सालवडला भाड्याच्या खोलीत राहतो, तिथं शेजाऱ्याचा लॅपटॉप मागून आणला आणि श्वास रोखून पट्टी मशीनच्या खाचेत सरकवली. एक ओरखडा पडला असता, तर आई दुसरीकडं कुठंच नव्हती. धूळ निघावी म्हणून साफसफाईचं बटण दाबलं. फोटो आला, आणि आनंदाच्या भरात नीट न बघताच दादाला पाठवला.

मग मोठा करून बघितला. चेहरा मेणासारखा गुळगुळीत. हनुवटीवरचं गोंदण गायब. मशीननं धूळ समजून तिन्ही ठिपके पुसले होते.

आई म्हणायची, "मेल्यावर दागिने लोक उतरवून घेतात. गोंदण तेवढं संगं येतं." तेवढंच मी घालवलं होतं. सातवीत शाळा सोडलेल्यानं असल्या मशीनला हात लावलाच कशाला, म्हणून स्वतःला यथेच्छ शिव्या दिल्या.

घाबरत मावशींना फोन केला. त्या रागावल्या नाहीत.

"काळी-पांढरी फिलम हाय ना? मग ते बटण बंद कर. रंगीतला चालतं, याला नाय. आमच्या यांनी असंच एका नवरीची नथ घालवली होती. तिची सासू दुकानात येऊन बसली, उठेचना."

बटण बंद केलं. ठिपके आले. धूळही आली, पण आई आली.

दादाला लगेच कळवलं, पहिला फोटो चुकलाय, हा घे. तर तो म्हणाला, पहिलाच छापायला टाकलाय. वहिनीच्या माहेरची शिकलेली माणसं येणार, आई त्यात देखणी दिसते. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ती आई नाही, दुसरीच कुणी बाई आहे.

"आता तू मला आईची ओळख शिकवणार?" दादा म्हणाला. "सातवीतून पळालेला तू."

पळालो नव्हतो. तू कॉलेजात होतास आणि घरी कमावणारं कुणी नव्हतं, दादा. हे ओठांवर आलं होतं, पण फोन ठेवला.

पालघरला जाऊन दुसरा फोटो मोठा छापला, फ्रेम केली आणि रात्रभर मांडीवर धरून गावी नेली. पूजेआधी दादाच्या देखत भिंतीवरचा गुळगुळीत फोटो काढला, हा लावला. पाहुणे बघत होते. दादानं फ्रेमला हात लावला नाही. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. माझाही राग गेलेला नाही, आणि जावा असं वाटतही नाही.

मशीन परत द्यायला गेलो तेव्हा मावशींच्या माळ्यावर यजमानांच्या निगेटिव्हचे डबे दिसले. दांडीतली कितीतरी लग्नं, नव्या होड्यांच्या पूजा. खारी हवा त्यांना खात चाललीय. मी अजून त्यांना हात घातलेला नाही, कारखान्यातल्या पाळ्या संपत नाहीत. पण मावशी, एक दिवस सुट्ट्या टाकून तुमच्या ओटीवर येऊन बसेन आणि शेवटची पट्टी स्कॅन होईपर्यंत उठणार नाही.