अठरा आकड्यांच्या तारखा

भोपाळला कारखान्याच्या संगणक विभागात माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा माझ्या वरच्या अधिकारी एक नागपूरच्या बाई होत्या. लहानपणीच भोपाळला आलेल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी. मी पुण्याहून गेलेली. "बेटा, पहले चहा पिऊन घे," असं त्या म्हणाल्या की मला हसू दाबावं लागायचं. कोटरा सुल्तानाबादच्या आपल्या घरून येताना त्या माझ्यासाठीही डबा आणत, कारण टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये मी एकटीच राहायचे.

एका उन्हाळ्यात वरून आदेश आला, की संगणकावरची जी खाती कुणी वापरत नाही ती बंद करा. मी सर्व्हरवरून सगळ्यांची यादी काढून एक्सेलमध्ये उघडली. शेवटच्या लॉगिनच्या रकान्यात तारखा नव्हत्याच, अठरा आकडी संख्या होत्या. शोधाशोध केल्यावर कळलं, की सर्व्हर सोळाशे एक सालापासूनचा काळ मोजतो, तोही सेकंदाच्या एक कोटीव्या भागात. म्हणजे संख्येला भागून आधी दिवस काढायचे आणि एक्सेल एकोणीसशेपासून मोजतं म्हणून मधल्या तीनेकशे वर्षांचे दिवस वजा करायचे.

"सोळाशे एक?" मॅडम म्हणाल्या. "तेव्हा इथे तलावाशिवाय काय असेल गं?"

सूत्र आधी त्यांच्याच ओळीवर लावून पाहिलं. तारीख बरोबर आली, पण वेळ पहाटे साडेचारची. त्या वेळी आपण गाढ झोपेत असतो, असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. सर्व्हर ग्रिनिचची वेळ ठेवतो हे मग लक्षात आलं. साडेपाच तास मिळवले आणि त्या सकाळी दहाला कामावर आल्या. दोघींनाही फार आनंद झाला.

काही ओळींत मात्र तारखेऐवजी नुसती ####### अशी रांग आली. तिथे मुळात शून्य होतं, त्यातून दिवस वजा केल्यावर उणे संख्या येई आणि एक्सेलला तिची तारीख दाखवता येत नव्हती. या लोकांनी एकदाही लॉगिन केलं नव्हतं. बहुतेक जण स्टोअरमधले, निवृत्तीला आलेले. मी ती खाती बंद करायला घेतली, तर मॅडमनी थांबवलं.

"त्यांना कुणी शिकवलंच नसेल. एकदा बोलावून तर बघू."

त्यांनी स्वतः फोन केले. पहिले आले ते स्टोअरमधले एक मराठी काका, दारातच चपला काढून. मॅडमनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि ते पासवर्ड टाकत असताना आम्ही दोघींनी तोंडं फिरवली. बराच वेळ एकेका बोटाचा आवाज येत राहिला. मग पडद्यावर त्यांचं नाव आलं.

"हे माझंच हाय का?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच," मॅडम म्हणाल्या. "रजेचा अर्ज आता इथूनच टाकायचा, दादा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टोअरमधल्या आणखी काही जणांना सोबत आणलं. काही जण आलेच नाहीत. त्यांची खाती आम्ही बंद केली आणि यादी वर पाठवून दिली.

त्या संध्याकाळी मॅडम मला बिट्टन मार्केटला घेऊन गेल्या. भाजी निवडताना मी त्यांना पहिल्यांदा ताई म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पिशवीत मूठभर कोथिंबीर टाकली आणि भाजीवाल्याशी पुन्हा हिंदीत भाव करू लागल्या.