तीन वार

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी एमआयडीसीत बियाण्याची पोती मोजून घेत होतो. भाचा संतोष बोलत होता. "मामा, बापू गेले. झोपेतच." माझ्या तोंडून आधी निघालं, "दुखलं का रे?" तो म्हणाला, "न्हाई." मग मी पोत्यावर बसलो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान; संतोषचे बापू. जालन्याच्या बाजारात ते मोसंबीचा हर्रास पुकारायचे. ढिगाजवळ उभं राहून "एक वार... दोन वार... तीन वार!" म्हटलं की पार फाटकाबाहेरच्या ट्रकवाल्याला कळायचं, सौदा पक्का, माल सुटला. मी दिसलो की त्याच आवाजात, "ह्या मेहुण्याला बोली लावा कुणीतरी! फुकट देऊन राह्यलो!"

पार्किन्सननं आधी हात धरला, मग आवाज, मग चेहरा आणि गळा. गोळीचा अंमल उतरला की जबडा आवळायचा. कानापासून गळ्यापर्यंत कुणी तार पिळावी तसा. दाजी थाळी भिरकावायचे, डोकं भिंतीवर आपटायचे. दाढ दुखत असेल म्हणून आम्ही दोन दाढा उपटून आणल्या. कळ होती तिथंच राहिली. चेहरा मात्र दगडाचा. बघणाऱ्याला वाटावं, माणूस रागानं मुद्दाम करतोय.

एका दुपारी अक्का केळ्याच्या घासात गोळी घालून भरवत होती आणि जबडा मिटला. तिचं बोट आत. कडकन आवाज झाला तो मी ऐकला. रक्त दाजींच्या हनुवटीवरून सदऱ्यावर उतरलं. "सोडा बापू!" म्हणत संतोषनं हात उगारला. अक्का किंचाळली, "मारू नको! मुद्दाम न्हाई करून राह्यले ते!" मोकळ्या हातानं ती त्यांचा गाल चोळत राहिली. न हलणाऱ्या त्या चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं. जबडा सुटला तेव्हा नख लोंबत होतं.

मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं, दुखणं दातांचं नव्हतंच, आवळणाऱ्या स्नायूंचं होतं. गोळ्यांच्या वेळा बदलल्या, गालाला गरम फडक्याचा शेक सुरू झाला. कळ गेली नाही, पण थाळ्या उडायच्या थांबल्या. मात्र अक्काचा हात जवळ आला की दाजी मान फिरवायचे, तोंड घट्ट. गोळी संतोषकडून घ्यायचे, चमच्यानं. "माझ्या हातचं सोडलं यांनी," अक्का म्हणायची... आणि बोट पदरात घ्यायची.

मग एकदा शेक झाल्यावर ती मोसंबी सोलून समोर बसली. फोड त्याच बोटांत. "एक वार," ती म्हणाली. दाजी खिडकीकडे बघत राहिले. "दोन वार... बोला, जल्दी बोला, माल चालला!" त्यांच्या गळ्यातून खरखर आली. ते हसणं होतं, हे मला उशिरा कळलं. तोंड हळूहळू उघडलं. "तीन," त्यांचं एवढंच ऐकू आलं. फोड त्यांनी नुसत्या ओठांनी घेतली, दात मागे ठेवून.

दाजी गेल्यावर परवा घरी गेलो तर अक्का मोसंबी सोलत होती. ते नख वेडंवाकडं उगवलंय, लुगड्यात अडकतं. म्हटलं, डॉक्टरला दाखवू, नीट करून देतील. तिनं बोट मुठीत मिटलं.

"राहू दे रे," म्हणाली. "तीन वार झाले ह्याचे."