मुक्या वॉकी-टॉकीचा हिरवा दिवा

अग्निशमन दलाने मोडीत काढलेला वॉकी-टॉकी मी वॉटफर्डहून मिरवत कार्डिफला नेला. माझ्या बहिणीच्या नवऱ्याने तो हातावर तोलून पाहिला.

"मेहुणीबाई, यावर बोलायचं की चटणी वाटायची?"

"भावोजी, हा जिन्यावरून पडला तर जिना दुरुस्त करावा लागेल. तुमचं ते खेळणं कुणी शिंकलं तरी बंद पडेल."

आम्हा दोघांकडेही हॅम म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स आहे आणि दोघांनाही आपलंच यंत्र थोर वाटतं. माझ्या थोर यंत्राला ना पडदा, ना आकड्यांची बटणं. घरी लॅपटॉपवरून जे भराल, तेच डोंगरावर मिळणार. मी आदल्या दिवशी आमचा चॅनेल भरला होता. चाचणी? आगीत जाणाऱ्या यंत्राची कसली चाचणी घ्यायची!

सकाळी आम्ही कार्डिफच्या उत्तरेला एक डोंगर चढलो. माथ्यावर मी बसायचं, भावोजींनी धारेवरून मैलभर चालत पलीकडच्या टोकाला जायचं आणि तिथून मला हाक मारायची. ते गेले. वीस मिनिटांत दरीतून असं धुकं वर आलं, की मला माझेच बूट दिसेनात.

मी बटण दाबून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. पुन्हा शांतता. मोबाइलला रेंज नव्हती. धारेच्या डाव्या अंगाला सरळ कडा होता. खाली जाऊन मदत मागवावी तर यायला-जायला दोन तास, आणि तेवढ्या वेळात ते चालत कुठे जातील याचा भरवसा नाही. इथेच बसावं तर कशासाठी? बहिणीला काय सांगू, हा विचार मी तीनदा दाबून टाकला.

अर्ध्या तासाने लक्षात आलं. मी बोलणं थांबवलं, की वॉकी-टॉकीच्या डोक्यावरचा हिरवा दिवा लागतो आणि जरा वेळाने विझतो.

आग विझवणाऱ्यांना परक्यांची बडबड नको असते, म्हणून या यंत्रांना एक कुलूप घालता येतं. समोरच्याने आवाजाबरोबर ठरावीक बारीक सूर पाठवला, तरच स्पीकर उघडतो. मी हौसेने ते कुलूप घातलं होतं आणि भावोजींना सांगायला विसरले होते. ते केव्हापासून उत्तर देत होते, आणि माझं विटेसारखं यंत्र ती उत्तरं गिळत होतं. दिव्याला मात्र कुलूप नव्हतं; समोरून काहीही आलं, की तो लागायचा.

"भावोजी, मला तुमचा शब्दही ऐकू येत नाही, फक्त दिवा दिसतो! हो असेल तर बटण एकदा दाबा, नाही असेल तर दोनदा. ठीक आहात?"

दोनदा.

"पाय?"

एकदा.

"कड्याजवळ आहात?"

एकदा.

"हलू नका. मी शिट्टी वाजवत येते. ऐकू आली का, ते सांगत राहा."

पायवाट बुटाने चाचपत निघाले. शिट्टी वाजवून विचारलं. दोनदा. आणखी पन्नास पावलं. दोनदा. पुन्हा दोनदा. त्यानंतरच्या शिट्टीला दिवा लागलाच नाही.

एकटी असले तरी मी तासभर बोलू शकते, असं घरातले म्हणतात. त्या क्षणी मला फक्त "भावोजी?" एवढंच सुचलं.

दिवा लागला. एकदा.

शिट्टी वाजवत तशीच पुढे गेले. ते एका दगडाला पाठ टेकून बसले होते. घोटा टम्म सुजलेला, ओठ निळे पडलेले, आणि कडा चार हातांवर.

"मघाशी उत्तर का नाही दिलंत?"

"शिट्टी खरी की भास, ते ठरवत होतो," ते म्हणाले. "आणि अर्धा तास तुला शिव्या घालतोय. एकही पोचली नाही?"

"एकही नाही."

"मग पहिल्यापासून सुरू करतो."

मी मफलरने त्यांचा घोटा आवळून बांधला, माझं जाकीट त्यांना घातलं आणि एकेक शिवी मान डोलवत ऐकली. मग ते माझ्या खांद्यावर भार टाकून उभे राहिले आणि आम्ही कड्याकडे पाठ करून एकेक पाऊल खाली उतरू लागलो.