सोमनाथच्या बापाची चाल

दत्ताराम आखातात, शारजाजवळच्या हमरियातील एका कारखान्यात सुतार होता. मूळचा रत्नागिरीकडचा. आम्हां कोकणी कामगारांच्या खोलीत मी वयाने मोठा, म्हणून सर्व जण मला काका म्हणत. दत्ताराम अबोल होता, परंतु मृदंगापुढे बसला की त्याचे हात थांबत नसत.

शारजातील एका स्टुडिओत तो लाकडी फळ्या बसविण्यास गेला होता. तेथे कोलंबियाची इसाबेल ही साल्सा गायिका आपला अल्बम करीत होती. साल्सा, कॅरिबियन बेटांवरचे नाचाचे ठेके आणि आजकालचे पॉप तिला एकत्र आणायचे होते. जेवणाच्या सुट्टीत दत्ताराम खोक्यावर ठेका धरून एक चाल गुणगुणत होता. ती तिला आवडली. तिने त्या चालीवर गाणे केले, त्यात त्याचा मृदंग घेतला आणि आणखी दोन गाण्यांसाठी त्यास बोलाविले. वादनासाठी बोटे मऊ राहावीत म्हणून तो रोज हातांना खोबरेल चोळू लागला.

रविवारी दुपारी त्याने ते गाणे आम्हांस फोनवर ऐकविले. शेजारी जेवत असलेला आमच्याच खोलीतला सोमनाथ घास हातात धरून थांबला.

आमच्या कोकणातल्या जाखडी नाचगाण्यात शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष असतात. दुसऱ्याची चाल घेण्यापूर्वी ती बांधणाऱ्या शाहिराचे नाव घेण्याची रीत आहे. दत्ताराम शक्तीवाला. ही चाल सोमनाथच्या मयत बापाने, तुऱ्याच्या शाहिराने, बांधली होती.

सोमनाथने विचारले, "माझ्या बापसाचं नाव कुठाय?"

दत्ताराम हसला. "अरे, त्या बाईला तुझा बापूस काय ठावूक? हितं कोण इचारतंय?"

सोमनाथने लोखंडी तवा उचलून त्याच्या तोंडावर मारला. ओठ फाटला, दात भातात पडला. दत्तारामने काचेचा पेला त्याच्या कानावर फोडला. मग सोमनाथने त्याच्या मनगटावर गुडघा रोवला आणि उजव्या पंजावर तवा पुन्हा पुन्हा मारला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी ओढू लागलो, तेव्हा त्याने माझ्या दंडाला चावा घेतला.

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितले की दत्तारामची दोन बोटे आता वळणार नाहीत. पोलीस जबाब घेण्यास आले. पडलो असे सांग, असे मी दत्तारामला विनविले; सोमनाथला लहान मुली होत्या.

"हात त्यानं मोडला," दत्ताराम पोलिसाला म्हणाला. "चाल मी चोरली. दोन्ही लिवा."

पोलिसाने पहिलेच लिहिले. सोमनाथला कैद झाली, पुढे मायदेशी पाठविले.

दत्तारामने इसाबेलला ते गाणे काढण्याची विनंती केली. अल्बम बाहेर पडला, आता खलास, काही बदलता येणार नाही, असे तिने कळविले. तेव्हा त्याने डाव्या हाताने पटाशी घेतली आणि मृदंगाच्या दोन्ही तोंडांवरच्या चामड्याच्या पुड्या फाडल्या. मी त्यास अडविले नाही.