सोंड नसलेली इमारत

थोर वास्तू आधी माणसाच्या मनात उभी राहते आणि मग जमिनीवर, असं म्हणतात. म्हैसूरचं नवं बसस्टँड आधी जमिनीवर उभं राहिलं आणि मग माझ्या काकांच्या स्वयंपाकघरात.

काका लाकडी ठसे कोरत. सगळी हयात उदबत्तीच्या पुड्यांवरचे देव कोरण्यात गेलेली. आता उदबत्तीवाले वेष्टनं बाहेरून छापून आणू लागले होते. तेवढ्यात परिवहन खात्याने बसस्टँडचं रंगीत पोस्टर सांगितलं. ते पसंत पडलं तर पुढची कामं मिळणार. नाही तर काकांनी मेटगळ्ळीच्या कारखान्यात नोकरी धरायची, असं घरात ठरलं होतं.

"देवाला निदान तोंड असतं," काकू म्हणाली. "ह्याला नुसत्या खिडक्या."

"सुम्ने इर ग." गप्प बस म्हणायला काकांना कन्नडच लागे.

प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. पिवळा उमटला तेव्हा कागदावर वरण सांडल्यासारखं दिसलं. मग निळा, आणि दोन्ही जिथे एकमेकांवर आले तिथे कोणीच न कोरलेली हिरवी झाडं उगवली. शेवटी काळा. काकांनी कागदाची पाठ चमच्याने घासली आणि एका कोपऱ्याने तो हळूच सोलून काढला.

ज्या इमारतीला मी साबणाचं खोकं म्हणत असे, तीच होती. सज्ज्यांच्या सावल्या, काचांवरचं ऊन, दारात उभी बस, वर चढत गेलेला जिना, जिन्याखालच्या शौचालयाची पाटीसुद्धा. माझा हात चपला काढायला खाली गेला. त्या दाराशीच काढलेल्या होत्या.

मग जिन्याकडे बोट दाखवत मी म्हणालो, "काका, जिना डावीकडे आलाय."

अक्षरं काका उलटीच कोरत. देवही, कारण एकदा गणपती सुलटा कोरला गेला, छापल्यावर सोंड उजवी आली आणि व्यापाऱ्याने सगळा माल परत पाठवला. उजव्या सोंडेचं सोवळं पुडीवर कोण पाळणार? इमारत मात्र दिसली तशी सुलटीच कोरली होती.

"इमारतीला सोंड कुठे असते," काका म्हणाले, आणि स्वच्छ चमचा पुन्हा पुसू लागले. दुसऱ्या ठशांना लाकूड नव्हतं.

परिवहन खात्याच्या साहेबांनी पोस्टर भिंतीला लावून घेतलं आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. "बस जरा मोठी हवी होती," एवढंच म्हणाले, आणि पुढचं काम सांगितलं.

पोस्टर स्टँडच्या दारातच लागलं. खेड्यांतून येणारी माणसं त्यापुढे थबकत, मान वर करून बघत, आणि डावीकडे वळत.

शौचालय उजवीकडे आहे.